आधी गल्ल्यावर बसू द्या

"काकू, बँकेत एवढी वर्षं काढलीत, तर एखादी चांगली आयडिया सांगा ना. अजून कुणी केली नसेल अशी."

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी हा प्रश्न घेऊन महिन्याला दोन-तीन मुलं तरी येतात. कुणी बी.कॉम. होऊन बँकेच्या परीक्षा देऊन दमलेला, कुणी इंजिनिअरिंगनंतर वर्षभर घरी बसलेला, कुणी बाळंतपणात नोकरी सुटलेली मुलगी. मुलं गुणी असतात, कष्टाला मागे हटणारी नसतात. पण धंद्याची पहिली पायरी म्हणजे आयडिया आणि ती एकदा सापडली की बाकीचं होत जातं, अशी त्यांची ठाम समजूत असते. ही समजूत त्यांनी आपणहून करून घेतलेली नाही. आम्ही वडीलधाऱ्यांनी, मंडळांनी, कॉलेजांनी आणि सरकारी योजनांनी ती त्यांच्या डोक्यात घातली आहे. तिच्यापायी मुलांची उमेदीची वर्षं आणि आईबापांची पुंजी जाते आहे.

हे मी फायली हाताळल्यानंतर सांगते आहे. छोट्या उद्योगांच्या कर्जाच्या टेबलावर मी कितीतरी वर्षं बसले. त्यातल्या दोन अर्जांची आठवण अजून टोचते.

पहिला अर्ज पेपर कपांचा. कमी भांडवलात करता येणाऱ्या धंद्यांच्या याद्या तेव्हा सगळीकडे फिरत होत्या आणि अगरबत्ती, द्रोण-पत्रावळीच्या शेजारी पेपर कप ठरलेलाच असायचा. प्रकल्प अहवाल सल्लागाराकडून करून घेतलेला, रकाने भरलेले, आकडे चोख. यंत्र विकणाऱ्याने 'तयार माल आम्हीच परत घेऊ' असं लिहूनही दिलं होतं. मी सही केली. सहा महिन्यांत तो विकणारा फोन उचलेनासा झाला. मुलाने चहाच्या टपऱ्या पालथ्या घातल्या, तेव्हा त्याला कळलं की कप पुरवणारे शहरात आधीपासून आहेत आणि त्यांचा विकण्याचा भाव आपल्या नुसत्या कागदाच्या खर्चाच्या आसपास आहे. शिवाय टपरीवाला कप उधारीवर घेतो आणि कागद मात्र रोखीने आणावा लागतो. कपात नफा किती, हे अहवालात होतं. रोख आणि उधार यांच्या मधल्या दोन महिन्यांत माणूस जगतो कसा, हे नव्हतं. यंत्र मातीमोल भावात गेलं आणि वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज फिटलं.

दुसरा अर्ज एका पानाचा होता. खानदेशातून आलेला एक टर्नर, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये अकरा वर्षं लेथवर उभा. जुनं लेथ घ्यायचं म्हणून कर्ज मागत होता. 'कशासाठी' या रकान्यात त्याने लिहिलं होतं: पंपाच्या स्लीव्हा बनवणार. मी त्याला प्रकल्प अहवाल घेऊन यायला सांगितलं. तो परत आला नाही. पाच-सहा वर्षांनी एका तपासणीसाठी मी त्याच भागात गेले, तेव्हा भेटला. बायकोचं सोनं गहाण टाकून लेथ घेतलं होतं, आता दोन लेथ होती आणि हाताखाली तीन माणसं. "मॅडम, तुम्ही रिपोर्ट मागितला होता," एवढंच म्हणाला आणि चहा मागवला.

त्या दिवशी त्याने मला स्लीव्ह म्हणजे काय ते दाखवलं. पंपाच्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, जिथे गळती अडवणारं पॅकिंग घासतं, तिथे एक नळीसारखा भाग चढवलेला असतो. झीज त्याने सोसायची, म्हणजे महागडा शाफ्ट वाचतो. स्लीव्ह झिजली की गळती सुरू होते, आणि नंदेसरी-रणोलीकडच्या रासायनिक कारखान्यात आम्लाचा पंप गळायला लागला की तो बंद करण्यावाचून गत्यंतर नसतं. मूळ कंपनीचा सुटा भाग यायला आठवडे लागतात. झिजलेला तुकडा हातात घेऊन मूळ माप ताडणारा आणि ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलमधून दोन दिवसांत नवा उतरवून देणारा माणूस जवळ असेल, तर मेंटेनन्सवाला भावाची घासाघीस करत बसत नाही. मालकाच्या शेडमध्ये अकरा वर्षं हे झिजलेले तुकडे त्याच्या हातातून गेले होते. कुठल्या कारखान्यात कुठला पंप किती महिन्यांनी गळतो, रात्री फोन कोण करतो, पैसे पंधरा दिवसांत कोण देतो आणि चार महिने कोण लावतो, हे त्याला पाठ होतं.

आता ही त्याची 'आयडिया' मी इथे उघड लिहून टाकली. ती वाचून उद्या कुणी त्याच्या पोटावर पाय देऊ शकेल का? मला तसं वाटत नाही. लिहिता आली ती एक ओळ आहे. न लिहिता आलेली अकरा वर्षं त्याची त्याच्याकडेच राहिली.

म्हणून मला त्या मुलांची काळजी वाटते जी आपली कल्पना कुणी चोरील या भीतीने महिनोन् महिने कुणाशी बोलत नाहीत. एका मुलाने तर तोंड उघडण्याआधी माझ्यापुढे सहीसाठी गोपनीयतेच्या कराराचा कागद ठेवला. शिफ्टला जाणाऱ्या कामगारांना घरगुती डबे पोचवण्याचं ॲप त्याच्या मनात होतं. मी त्याला विचारलं, पहाटे पाचला डबा भरून देणाऱ्या किती बायकांशी बोललास? एकीशीही नाही. मुलांनी एवढं जाणून घ्यावं की नुसत्या कल्पनेला कायदासुद्धा मालक मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका नाटक-सिनेमाच्या वादात स्वच्छ सांगितलं की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो असतो ती मांडण्याच्या रूपावर. आणि १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात व्यवसायाची पद्धत हा शोध मानलेलाच नाही. एखाद्याशी गोपनीयतेचा करार जरूर करता येतो, पण त्याला बांधून घेण्याजोगं काही तुमच्याजवळ आधी तयार झालेलं असायला हवं. डबेवालीशी न बोललेल्या मुलाजवळ अजून ते नव्हतं.

आपल्या गावात याचा पुरावा रोज सकाळी रस्त्यावर मांडलेला असतो. सेव उसळ. उसळ मुळात आपली, तिच्यावर शेव पडली, रस्स्याची तरी लालभडक झाली आणि ती बडोद्याची होऊन गेली. तिच्यात गुपित काय आहे? पांढरे वाटाणे, तरी, शेव, कांदा, लसणाची चटणी, पाव. कुठल्याही गृहिणीला विचारा, ती सांगेल. तरी एका गाडीपुढे रांग असते आणि पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या गाडीवाल्याचं पातेलं दुपारपर्यंत अर्धं भरलेलं असतं. उद्या पाऊस येणार म्हणून आज किती वाटाणे कमी भिजवायचे, तरी परत परत तापवली की कुठल्या घटकेला चव उतरते, शेववाला बदलला तर कुठलं गिऱ्हाईक पहिल्या घासाला ओळखतं, हे रांगवाल्याला कळतं. ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. वडिलांच्या गाडीवर बशा धुताना त्याने ते पाहिलं आहे.

आणि इथेच आम्हा बडोदेकर मराठी माणसांची खरी अडचण आहे, असं माझं मत आहे. आमचे पूर्वज गायकवाडांच्या मागोमाग इथे आले ते शिलेदार, कारकून, पुराणिक, शिक्षक म्हणून. पुढच्या पिढ्या रेल्वेत, कोयलीच्या रिफायनरीत, खत कारखान्यात, बँकांत लागल्या. घरात शिस्त आली, पुस्तकं आली, गाणं आलं. गल्ला मात्र आला नाही. शेजारच्या गुजराती घरातलं पोर आठवीच्या सुट्टीत काकांच्या दुकानात बसतं. कुठलं गिऱ्हाईक नुसतं भाव विचारून जातं, कोण 'कल दूंगा' म्हणून देत नाही, दिवाळीनंतर माल कसा पडून राहतो, व्यापारी भांडल्यावरही दुसऱ्या दिवशी चहाला का बोलावतो, हे ते तिथे बसूनच शिकतं. लोक म्हणतात, त्यांच्या रक्तात धंदा आहे. रक्तात काही नसतं. सुट्टीतले ते दोन महिने असतात, दर वर्षी, दहा वर्षं. आमच्या मुलाला त्या दोन महिन्यांत आम्ही पुढच्या वर्षीच्या गणिताची शिकवणी लावतो, आणि तो पंचविशीला आला की आयडियांची यादी हातात देऊन म्हणतो, कर आता धंदा.

या शहराला दुसरी वाट माहीत नव्हती असं नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढलं आणि ते त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या हाती सोपवलं. तिथे रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला, सगळं हाताने करून शिकायचं होतं. जर्मनीतून येणाऱ्या रासायनिक रंगांनी जुन्या रंगाऱ्यांचा धंदा बसत चालला होता. तेव्हा महाराजांनी नव्या कल्पनांसाठी बक्षीस जाहीर केलं नाही, रंगाची भांडी मांडलेली खोली दिली. आज तेच कलाभवन महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेचं घर आहे. आपली कितीतरी मुलं तिथून रोज जातात.

गज्जरांची गोष्ट तर मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी. चाफेकर बंधूंनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं होतं. तो डाग कुणाला निघेना, तो गज्जरांनी काढला. पुढे मळकट, पिवळे पडलेले मोती स्वच्छ करण्याची रीत त्यांनी बसवली आणि त्यावर भरपूर पैसा मिळवला. मोती पुन्हा उजळले तर बरं होईल, ही कल्पना कुठल्या जवहिऱ्याच्या मनात आली नसेल? ती सगळ्यांच्याच मनात होती. रसायन गज्जरांच्या हातात होतं. १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन या तिघांच्या खटपटीतून अलेम्बिक केमिकल वर्क्स उभी राहिली. सुरुवात टिंक्चर आणि अल्कोहोलपासून. त्यात एक कोटीभास्कर होते, हे आमच्या माणसांनी विसरू नये. मग २० जुलै १९०८ ला दहा लाखांच्या भांडवलावर बँक ऑफ बडोदा सुरू झाली. कर्जाच्या टेबलावर आयुष्य काढलेल्या मला हा क्रम फार बोलका वाटतो: आधी हात बसवण्याची जागा, सतरा वर्षांनी कारखाना, त्याच्या मागोमाग बँक.

यावर मला उत्तर मिळतं की कल्पनेवाचून नवीन काही घडलंच नसतं. खरं आहे, आणि कल्पनेला किंमत नाही असं मी म्हणतच नाही. नव्वदच्या दशकात, म्हणजे १८९० च्या, याच कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके नावाचा तरुण शिकत होता. छायाचित्रण, छपाई, मूर्ती घडवणं, जे मिळेल ते त्याने हाताखालून घातलं. पुढे वीस वर्षांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना त्याच्या मनात आलं की पडद्यावर आपले राम-कृष्ण का दिसू नयेत. ही कल्पना केवढी मोठी! पण त्या काळात चित्रपट पाहणाऱ्या आणखी कुणालाही ती सुचू शकली असती. फाळक्यांनी ती सावकारांना नुसती ऐकवली नाही. कुंडीतल्या वाटाण्याचं रोज थोडं थोडं चित्रण करून रोप वाढताना त्यांना दाखवलं, विम्याची पॉलिसी आणि बायकोचे दागिने गहाण टाकले, आणि १९१३ मध्ये भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट पडद्यावर आणला. कल्पनेची किंमत मी त्या वाटाण्याच्या रोपात पाहते. आधीच्या वीस वर्षांत कॅमेरा, रसायनं, छापखाना हाताळलेल्या माणसाच्या मनात ती आली, म्हणून तिला पुढची पायरी होती.

आज आम्ही याच्या उलट चाललो आहोत. कॉलेजातल्या स्पर्धांत पाच मिनिटांत स्लाइडी दाखवायच्या, परीक्षकांनी 'यात नवीन काय' विचारायचं आणि विजेत्याच्या हातात पुठ्ठ्याचा मोठा धनादेश देऊन फोटो काढायचा. गुजरात सरकारच्या २०१७ च्या विद्यार्थी स्टार्टअप धोरणात नमुना बनवण्यासाठी पैसे देण्याची सोय केली गेली, ती मला मनापासून आवडली, कारण नमुना बनवताना मूल निदान लेथवाल्याच्या दारात तरी जाऊन उभं राहतं. पण नावीन्याचा हा सोस बहुसंख्य मुलांना बाहेर ठेवतो. ज्या पोराला चांगलं वेल्डिंग येतं आणि जाळ्या-दरवाजांचं काम घ्यायचं आहे, त्याच्याकडे सांगायला नवीन काही नसतं. २०१५ पासून मुद्रा योजनेत अशा माणसाला तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं, आणि टेबलापलीकडे बसणाऱ्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: अहवालाची पानं मोजू नका. त्याला विचारा, हे काम आधी कुणाकडे केलंस, किती वर्षं, आणि पहिली तीन गिऱ्हाइकं कोण. मी हे विचारलं नाही, म्हणून एक सही चुकीच्या कागदावर झाली आणि एक व्हायची राहिली.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्यावर कुठल्याही मेळाव्यात भाषण होत नाही. माझ्या त्या टर्नरची आजची सगळ्यात मोठी अडचण कुठली? अडकलेले पैसे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. २०२३ च्या वित्त कायद्याने तर मुदत टळूनही थकलेली अशी रक्कम, प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत, देणाऱ्याच्या आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरायचीही बंद केली. तरी तो तक्रार करत नाही, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद. आमच्यातले कितीतरी जण मोठ्या कारखान्यांत खरेदी आणि हिशेब विभागात अधिकारी आहेत. मंडळाच्या व्यासपीठावर उभं राहून ते तरुणांना म्हणतात, 'धाडस करा.' त्यांनी आपल्या टेबलावरची छोट्या माणसांची बिलं वेळेवर पुढे सरकवली, तर त्या भाषणापेक्षा ती मदत फार मोठी होईल.

मंडळांबद्दल बोलते आहे तर घरचंच एक सांगते. आमच्या ओळखीतल्या एकीने दोन वर्षांपूर्वी उपवासाची आणि चकलीची भाजणी, मेतकूट करून विकायला घेतलं. हळदीकुंकवाला आम्ही सगळ्याजणींनी तिला भरभरून सूचना केल्या. नाचणीचं कर, डायबेटिसवाल्यांसाठी कर, परदेशात पाठव, डब्याला पैठणीचं कापड लाव. त्या दिवाळीला तिच्याकडे चाळीस किलो चकलीच्या भाजणीची मागणी तोंडी नोंदवली गेली. आगाऊ पैसे एकीनेही दिले नाहीत, मीसुद्धा नाही. तिने पदरच्या पैशाने धान्य आणून भाजलं, दळून आणलं. बारा किलो कुणी न्यायला आलंच नाही, उरलेल्याचे पैसे माघापर्यंत येत राहिले. ती बारा किलो भाजणी खवट झाली तेव्हा तिच्या डोळ्यांत आलेलं पाणी मी पाहिलं. सूचना आमच्याजवळ ढीगभर होत्या, आणि गिऱ्हाईक म्हणून आम्ही तिला पन्नास रुपयांचा विसारही देऊ शकलो नाही.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आयडिया सांगत नाही. कुणाच्या तरी हाताखाली ठेवते. ओळखीचे दोन-तीन दुकानदार, एक केटरर, एक शेडवाला तयार झाले आहेत, पोरांना महिना-दोन महिने बसू देतात. मसाले करायचे म्हणणारी एक मुलगी खंडेराव मार्केटजवळच्या एका किराणा दुकानात सव्वा महिना बसली. घरी आली तेव्हा हातात वही होती. मेतकुटाची शंभर ग्रॅमची पुडी किती खपते, पाव किलोची किती, पावसाळ्यात कुठल्या पुड्या परत येतात, दुकानदार मार्जिन किती मागतो आणि शेल्फवर पुढची जागा कुणाला देतो. आल्या आल्या तिने पिशव्या सीलबंद करायचं यंत्र भाड्याने कुठे मिळेल ते विचारलं, आणि घरची खोली दहा बाय दहाची आहे तर वीस किलो धान्य भाजायचं कुठे, तेही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या मराठी मंडळाच्या वाडीत, म्हणजे मंगल कार्यालयात, आहे. तिथे लग्नाच्या जेवणावळीची मोठी शेगडी आहे, ओटा आहे, नळ आहे, सामान ठेवायला कोठी आहे. मुहूर्ताचे दिवस सोडले तर ते स्वयंपाकघर वर्षातले कितीतरी महिने कुलपात असतं. सकाळी दहा ते दुपारी चार ते तासाच्या भाड्याने अशा मुलींना द्यावं, गॅसचे पैसे वेगळे घ्यावेत, आणि मंडळाच्या दिवाळी फराळाची पहिली ऑर्डर निम्मे पैसे आगाऊ देऊन त्यांनाच द्यावी, असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे. काही जणांचं म्हणणं आहे की त्यापेक्षा उद्योजकतेवर एखादी व्याख्यानमाला ठेवावी. वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. ती मुलगी आणि भाजणीवाली, दोघींनाही मी सभेला घेऊन जाणार आहे. सभासदांनी त्या मुलीची वही एकदा उघडून पाहावी आणि मग किल्लीचं काय ते ठरवावं.